स्वतः लिहिलेल्या कर्नलचं घड्याळ रोज १३ सेकंद पुढे पळतंय आणि मधेच मागेही येतंय

अर्धाकच्चा_कर्नल

मंडळी, गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी बसून स्वतःचा एक छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहितोय. ६४ बिट एक्स८६ प्रोसेसर, चारही कोअर उठतात, कोणाला कधी चालवायचं ते ठरवणारा शेड्यूलर आहे, फाइल सिस्टीम कशीबशी आहे. बाकी सगळं मार्गी लागलं पण घड्याळाने अक्षरशः पिडलंय.

आत्ता असं आहे की जुना पीआयटी टायमर (ठरावीक अंतराने टिक देणारी चिप) १००० हर्ट्झवर लावलाय, तिची मूळ फ्रिक्वेन्सी ज्याने भागायची तो डिव्हायझर ११९३. प्रत्येक टिकचा इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा, कोअर ० वर येतो, तो हाताळणारा कोड म्हणजे हँडलर दर वेळी नॅनोसेकंदात दहा लाख मिळवतो, शंभर कोटी झाले की सेकंद एकने वाढवतो आणि नॅनोसेकंद शून्य करतो. मिलीसेकंदाच्या आतली वेळ पण हवी होती म्हणून हँडलरमध्येच त्या क्षणीचा टीएससी (प्रोसेसरमधला सायकल मोजणारा काउंटर) साठवून ठेवतो, आणि ज्याला वेळ हवी तो आत्ताच्या टीएससीमधून तो साठवलेला वजा करून ३ ने भागतो, कारण सीपीयू ३ गिगाहर्ट्झचा आहे. प्रत्यक्ष मोजला तर २.९९३ भरतो पण म्हटलं एवढ्याने काय होतंय.

आता तक्रार. मशीन नुसतं पडून असेल तर घड्याळ रोज १३ सेकंद पुढे. रोज म्हणजे रोज, आठवडाभर लिहून ठेवलंय, १३ च्या आसपासच. पण डिस्कवर मोठी फाइल लिहायला लावली की उलट, तेवढ्या वेळात मागे पडतं. आणि खरा वैताग म्हणजे वेळ मधेच मागे जाते. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला जो वेड्यासारखा वेळ विचारत राहतो आणि आधीच्यापेक्षा कमी आली की दोन्ही आकडे छापतो. त्यातलं हे बघा, आधी मागची वेळ मग आत्ताची:

१८४२.९९९९६१२०३
१८४२.०००००१८७७

म्हणजे जवळजवळ अख्खा सेकंद मागे! आणि हे दुसऱ्या प्रकारचं, हे खूपदा येतं:

१९०७.३३४०४१६६२
१९०७.३३४०००९१०

आणि काल रात्री एकदा घड्याळ थेट १९५ वर्षं पुढे गेलं आणि लगेच परत जागेवर आलं. हसू नका. एकच कोअर चालू ठेवला तर हे सगळं क्वचित होतं, चारही चालू असले की तासाला पाच-सहा वेळा तरी. कुठून सुरुवात करू?

पीपीएम_मोजणारा

१३ सेकंदांचं उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे, तो ११९३ बघ. पीआयटीला मिळणारी फ्रिक्वेन्सी म्हणजे १४.३१८१८ मेगाहर्ट्झ भागिले १२, म्हणजे ११,९३,१८१.६७ हर्ट्झ. बरोब्बर १००० हर्ट्झ हवे असतील तर डिव्हायझर ११९३.१८ पाहिजे, पण रजिस्टरला पूर्णांकच लागतो म्हणून .१८ गळाले. झालं, टिक सेकंदाला १००० ऐवजी १०००.१५ वेळा येतोय आणि तू प्रत्येक टिकला इमानेइतबारे पूर्ण मिलीसेकंद देतोयस. १५२ पीपीएम, म्हणजे दहा लाखात १५२ ची चूक. एक पीपीएम म्हणजे दिवसाला ८६.४ मिलीसेकंद, गुणून बघ, १३ सेकंद आणि वर थोडं.

खरा टिक ९,९९,८४७.७ नॅनोसेकंदांचा आहे. लिनक्स कर्नलमध्येही २.६ आवृत्तीच्या काळात १००० हर्ट्झला टिक ९,९९,८४८ धरायचे ते याच कारणाने, त्या विचित्र आकड्याकडे बघून मी पण कधीकाळी डोकं खाजवलं होतं. तर दहा लाखांच्या जागी तो आकडा टाक, पण वरचे .७ फेकू नकोस, फेकलेस तर दिवसाला ६४ मिलीसेकंद मागे पडशील. अपूर्णांक वेगळा साठवत जा आणि पूर्ण नॅनोसेकंद भरला की मुख्य हिशोबात ढकल.

डिस्कवाला प्रकार वेगळा आहे. तुझा डिस्क ड्रायव्हर इंटरप्ट बंद करून बसत असणार, बरोबर? पाच मिलीसेकंद बंद ठेवलेस तर पाच टिक रांगेत थांबत नाहीत, एकच थांबतो, बाकीचे चार गेले ते गेले. घड्याळ बिघडलं की मी आधी एवढंच बघतो की चूक कशासोबत बदलते. कशानेच बदलत नसेल, रोज तेवढीच असेल, तर गणित चुकलंय. लोडसोबत बदलत असेल तर टिक हरवतायत. आणि मधेच उडी मारून परत येत असेल तर ते माझं खातं नाही, रेस, म्हणजे एकाच डेटावर दोघांची शर्यत, शोधणाऱ्याला बोलवा.

शॉर्टकट_शोधक

एवढा कुटाणा कशाला, छोटा एनटीपी क्लायंट (नेटवर्कवरून बरोबर वेळ घेणारा प्रोग्रॅम) पोर्ट कर ना, रोजचे १३ सेकंद तोच ओढून घेईल. मी माझ्या बोर्डवर असंच केलंय, दोन वर्षं झाली काही तक्रार नाही.

पीपीएम_मोजणारा

@शॉर्टकट_शोधक नेमकं हेच नको. एनटीपी घड्याळाचा वेग ५०० पीपीएमपर्यंत कमीजास्त करतं, त्यात १५२ आरामात बसतात, म्हणजे बग दिसायचा बंद होईल आणि आत तसाच राहील. शिवाय ती ५०० ची जागा घड्याळाला ठोके देणाऱ्या क्रिस्टलच्या चुकीसाठी असते, ती आपणच खाऊन टाकायची का? आणि लोड आला, टिक हरवले, फरक १२८ मिलीसेकंदांच्या वर जाऊन तसाच राहिला की ते ओढत बसत नाही, सरळ उडी मारतं. म्हणजे ज्याला मागे जाणारी वेळ नकोय त्याला तू मागे जायचं अजून एक कारण देतोयस.

बिनलॉकवाली

रेस शोधणारी आले. अर्धाकच्चा, तुझा लॉग मस्त आहे, आकडे स्वतःच बोलतायत.

पहिली जोडी बघ. १८४२ पूर्णांक ९९९९६१२०३, आणि त्यानंतर १८४२ च, पण नॅनोसेकंद १८७७. खरी वेळ तेव्हा १८४३.०००००१८७७ होती. वाचणाऱ्याने सेकंद उचलले तेव्हा १८४२ होते, मग नॅनोसेकंद उचलायच्या आत हँडलरने सेकंद १८४३ केले आणि नॅनोसेकंद शून्य. वाचणाऱ्याच्या हातात एक जुना आणि एक नवा. दोन व्हेरिएबल एकदम वाचता येत नाहीत, इतकीच गोष्ट आहे.

१९५ वर्षं पण तशीच. कोअर २ ने आत्ताचा टीएससी वाचला, तेवढ्यात कोअर ० वर टिक आला आणि साठवलेला टीएससी पुढे गेला, मग कोअर २ ने तो नवा साठवलेला वाचला. आता आत्ताचा लहान आणि साठवलेला मोठा. वजाबाकी उणे यायला हवी, पण तुझं व्हेरिएबल अनसाइन्ड (उणे आकडा न मावणारं) ६४ बिट, म्हणजे आली २ चा ६४ वा घात वजा थोडंसं. त्याला ३ ने भाग आणि वर्षं काढ, १९५ च येतील.

कोणी म्हणेल वाचताना इंटरप्ट बंद कर. त्याने फक्त त्याच कोअरवरचा हँडलर थांबतो, शेजारच्या कोअरवरचा नाही. कोणी म्हणेल स्पिनलॉक लाव, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप. चालेल, पण मग वेळ विचारणारे सगळे एकमेकांच्या मागे रांगेत उभे राहतील, आणि ज्या दिवशी एनएमआयच्या (बंद न करता येणाऱ्या इंटरप्टच्या) हँडलरमधून वेळ विचारशील, आणि नेमका तोच कोअर लॉक धरून बसलेला असेल, त्या दिवशी मशीन जागच्या जागी गोठेल. 

यासाठी सीक्वेन्स काउंटर वापरतात. लिहिणारा सुरुवातीला काउंटर एकने वाढवतो, तो विषम होतो, मग सगळं लिहितो, मग परत एकने वाढवतो, सम होतो. वाचणारा आधी काउंटर बघतो, विषम असेल तर थांबतो, सम असेल तर सगळं स्वतःकडे उतरवून घेतो आणि परत काउंटर बघतो, बदलला असेल तर उतरवलेलं फेकून पुन्हा पहिल्यापासून. वाचणारे कितीही असोत, लिहिणाऱ्याला ते अडवत नाहीत. क्रम पक्का करणारे बॅरिअर विसरू नकोस, एक्स८६ वर दोन लिहिण्यांचा क्रम प्रोसेसर बदलत नाही हे खरं, पण कंपायलर बदलतो आणि तो कोणाला विचारत नाही. आणि टीएससी वाचायची सूचना प्रोसेसर आधीच उरकून टाकू शकतो, तिच्या आधी एलफेन्स (आधीच्या सूचना पूर्ण होईपर्यंत थांबवणारी सूचना) टाक.

पण दुसरी जोडी, ती ४० मायक्रोसेकंदवाली, ती याने जाणार नाही. ती जास्त मजेशीर आहे. १९०७.३३४०४१६६२ कसं आलं बघ. मागचा टिक ३३३ वा, त्यावर टीएससीने मोजलेले १.०४१ मिलीसेकंद. १ मिलीसेकंदाच्या वर कसे गेले? कारण ३३४ वा टिक हार्डवेअरमध्ये येऊन गेला होता पण हँडलर ४० मायक्रोसेकंद उशिरा पोचला, कुठेतरी इंटरप्ट बंद होते. हँडलर आला आणि म्हणाला आता बरोबर ३३४ वाजले, आणि टीएससीचा शून्य तिथे रोवला. पण खऱ्या वेळेत तेव्हा ३३४.०४ झाले होते. ते ४० मायक्रोसेकंद हवेत विरले आणि वेळ मागे आली.

म्हणजे मूळ रोग असा की तुझ्या घड्याळाला दोन बाप आहेत, टिक आणि टीएससी, आणि दोघांचं पटत नाही. शिवाय २.९९३ ला ३ म्हटल्यामुळे टीएससी हळू मोजतोय, प्रत्येक टिकला दोन-अडीच मायक्रोसेकंदांचा खड्डा पडतोय जो टिक पुढे उडी मारून भरतो. नशीब की चूक त्या बाजूला आहे. सीपीयू ३.००७ चा निघाला असता तर प्रत्येक टिकला मागे गेला असतास. टिकवरून वेळ मोजणं सोडून दे. टिक आला की फक्त टीएससी वाच, मागच्या वाचनापासून किती पुढे गेला तेवढी वेळ मिळव, एवढंच त्याचं काम. टिक उशिरा आला, चार टिक हरवले, काही फरक पडत नाही, काउंटर चालूच होता. डिस्कवालं पण यातच सुटतं, आणि ११९३ चा प्रश्नच राहत नाही.

अर्धाकच्चा_कर्नल

बाप रे, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. डिस्क ड्रायव्हरबद्दल बरोबर ओळखलंत, अख्खा सेक्टर हाताने कॉपी करताना इंटरप्ट बंद ठेवलेत, लाज वाटते सांगायला.

आज सीक्वेन्स काउंटर टाकला. एक सेकंदवाली उडी पूर्ण गायब, सहा तास चालवलं, एकदाही नाही. पण १९५ वर्षंवाली अजून येते! कमी झाली पण येते. बॅरिअर आहेत, एलफेन्स आहे. काय राहिलं?

बिनलॉकवाली

टीएससी लूपच्या आत वाचतोयस की लूप संपल्यावर? की लूपच्या आधी?

अर्धाकच्चा_कर्नल

आधी. 🤦 म्हणजे लूप परत फिरला की बाकी सगळं नवं आणि टीएससी तोच जुना. आत घेतला, गेलं. दहा शब्दांच्या प्रश्नात माझी संध्याकाळ वाचली.

बिनलॉकवाली

सगळ्यांचं होतं, माझंही झालंय. त्यावर अजून एक कवच घाल, फरक उणे आला तर शून्य धर. कोअरांचे टीएससी एकमेकांपासून चार-दोन सायकल इकडेतिकडे असतात, तेवढ्यासाठी. लिनक्समध्येही असंच करतात.

जुनं_खोड

धागा वाचून जुन्या जखमा ओल्या झाल्या म्हणून लिहितोय. आता तू ३ ने भागणं सोडून गुणाकार आणि शिफ्टवर येशील, भागाकार महाग म्हणून सगळेच येतात. सायकल गुणिले एक मोठा आकडा, मग उजवीकडे शिफ्ट, म्हणजे बिट सरकवून २ च्या घाताने भागणं. इथे एक खड्डा आहे तो आधीच दाखवतो.

तुझ्या २.९९३ गिगाहर्ट्झला शिफ्ट ३२ घेतलास तर गुणक येतो १,४३,५०,०४,१०८. अचूकता छान, पण गुणाकार ६४ बिटांत मावायला हवा ना, तो फक्त ४.२९ सेकंद मावतो. तेवढ्यात टिक आला नाही, समजा तू डीबगरमध्ये थांबलास किंवा पुढे जाऊन रिकाम्या कोअरला टिक देणं बंद केलंस, की वरचे बिट कापले जाणार आणि वेळ भलतीकडे. शिफ्ट २४ घेतलास तर गुणक ५६,०५,४८५, अठरा मिनिटं आरामात मावतात, आणि पूर्णांक करताना जी चूक राहते ती दिवसाला ३ मिलीसेकंद. मी २४ घेईन, किती सायकल चालतील ती मर्यादा कोडमध्येच लिहून ठेवीन आणि ओलांडली तर बोंब मारायला लावीन.

हे पुस्तकी वाटत असेल तर २०८ दिवसांचा किस्सा आठवा. लिनक्सच्या शेड्यूलरच्या घड्याळात शिफ्ट १० होता आणि बूट झाल्यापासूनचा अख्खा टीएससी गुणला जायचा, मधला फरक नाही. ६४ मधून १० गेले की उरले ५४ बिट, २ चा ५४ वा घात नॅनोसेकंद म्हणजे २०८ दिवस आणि थोडे तास. कित्येक सर्व्हर सात महिने निवांत चालून मग पडायचे, आणि एकाच दिवशी चालू केलेले असले तर एकाच दिवशी पडायचे.

आणि माझा स्वतःचा. आधीच्या नोकरीत एका कंट्रोलरचं काम होतं, टिक १०० हर्ट्झ, काउंटर ३२ बिट, ड्रायव्हरमध्ये कोणीतरी लिहिलेलं की काउंटर टाइमआउटपेक्षा मोठा झाला की सोड. ३२ बिट १०० हर्ट्झला ४९७ दिवसांनी भरतात. तर ग्राहकाचं मशीन साधारण सोळा महिन्यांनी अडकायचं, कोणीतरी जाऊन बंद-चालू करायचं, आणि पुढचे सोळा महिने सगळे खूश. तीन वर्षं आम्ही हार्डवेअरला शिव्या दिल्या. दोन वेळांची तुलना कधीही थेट मोठं-लहान बघून करायची नाही, वजाबाकी करून ती साइन्ड म्हणून शून्याच्या वर आहे का खाली ते बघायचं. मग काउंटर फिरून शून्यावर आला तरी उत्तर बरोबर येतं.

लिनक्सवाल्यांनी यावर जी शक्कल काढली ती मला फार आवडते, जिफीज, म्हणजे त्यांचा टिक मोजणारा काउंटर, शून्यापासून सुरूच करत नाहीत. भरून शून्यावर जायला पाच मिनिटं बाकी असतील अशा आकड्यापासून सुरू करतात. म्हणजे जो बग ४९७ दिवसांनी दिसायचा तो बूट केल्यावर पाचव्या मिनिटाला लिहिणाऱ्याच्याच टेबलावर दिसतो. तुझ्या स्लीपच्या रांगेत ३२ बिट मिलीसेकंद काउंटर असेल तर तो ४९ दिवस १७ तासांनी फिरणार आहे, आजच हे करून बघ.

अर्धाकच्चा_कर्नल

@जुनं_खोड काका, दंडवत. केलं. पाच मिनिटांनी शेल गोठला, म्हणजे माझ्याकडेही तुमच्या कंट्रोलरवाला बग जसाच्या तसा होता. तीन ठिकाणी थेट तुलना सापडली, एक नेटवर्कच्या रिट्रायमध्ये. दुरुस्त केल्या, आता सहाव्या मिनिटाला पण जिवंत आहे.

टीएससीलाच घड्याळाचा एकटा मालक केला, गुणक आणि शिफ्ट २४. मागे जाणं पूर्ण थांबलंय, ३६ तास चारही कोअरवर तो वेडा प्रोग्रॅम चालवला, एक ओळ छापली नाही. पण आता घड्याळ कधी दिवसाला २० सेकंद पुढे तर कधी ३५ सेकंद मागे, प्रत्येक बूटला वेगळं! एकदा बूट झालं की मग तेवढंच राहतं. आणि एक जुना प्रश्न, तारीख एक तास मागे केली की झोपलेल्या प्रोसेस एक तास जास्त झोपतात, हे पण यातलंच का?

पीपीएम_मोजणारा

बूटला बदलतं आणि मग स्थिर राहतं म्हणजे कॅलिब्रेशन. टीएससीची फ्रिक्वेन्सी किती वेळ मोजून काढतोयस? १० मिलीसेकंद मोजत असशील तर सुरुवात-शेवट वाचण्यात ४ मायक्रोसेकंदांची चूक झाली तरी ४०० पीपीएम होतात, म्हणजे दिवसाला ३४ सेकंद. तेवढीच चूक एका पूर्ण सेकंदावर पसरली तर ४ पीपीएम. लिनक्स बूटला घाईघाईत एक आकडा काढतं आणि मग मागून निवांतपणे एक सेकंद मोजून तो सुधारतं, लॉगमध्ये रिफाइन्ड टीएससी म्हणून जी ओळ येते ती तीच. एचपीईटी (मशीनमधला जास्त अचूक टायमर) असेल तर त्याच्याशी जुळव, पीआयटी वाचायला फार मंद आहे. एसीपीआयचा (पॉवर सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) टायमर पण चालेल, ३५,७९,५४५ हर्ट्झ, फक्त तो बऱ्याच मशीनवर २४ बिटचा असतो आणि दर ४.७ सेकंदांनी फिरतो, वजाबाकीनंतर मास्क लावायचं, म्हणजे खालचे २४ बिटच ठेवायचं, विसरू नकोस.

बिनलॉकवाली

झोपेचा प्रश्न वेगळा आणि सोपा आहे. तू एकच घड्याळ ठेवलंयस. दोन लागतात. एक जे बूटपासून फक्त पुढे जातं, त्याला कोणी हात लावू शकत नाही, आणि भिंतीवरचं घड्याळ म्हणजे त्यात मिळवलेला एक ऑफसेट. तारीख बदलली की फक्त ऑफसेट बदलायचा. झोप, टाइमआउट, शेड्यूलर सगळं पहिल्यावर. ज्याला खरोखर अमुक वाजता उठायचंय तेवढाच दुसऱ्यावर.

आणि ऑफसेट बदलला की तो टायमरच्या रांगेला पण कळवायचा, हे विसरण्याची शिक्षा ३० जून २०१२ ला सगळ्यांनी बघितली. त्या रात्री यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लीप सेकंद, म्हणजे मुद्दाम घातलेला एक जादा सेकंद, होता, लिनक्सने घड्याळ एक सेकंद मागे घेतलं पण हाय रिझोल्यूशन टायमरवाल्या भागाला सांगितलंच नाही. तो एक सेकंद पुढेच. मग भिंतीवरच्या घड्याळाने अर्ध्या सेकंदात उठव म्हणणाऱ्या प्रोग्रॅमला तो म्हणायचा वेळ होऊन गेली, ऊठ. तो उठून परत झोपायचा, परत ऊठ. सर्व्हरवर सर्व्हर शंभर टक्के सीपीयू खात बसले, मोठमोठ्या साइट आडव्या झाल्या. आणि तोडगा काय तर तारखेची कमांड घेऊन आहे तीच तारीख परत सेट करायची, कारण त्या वाटेने कळवायचं काम होत होतं.

अर्धाकच्चा_कर्नल

दोन घड्याळं केली, कॅलिब्रेशन एचपीईटीशी एक सेकंद. आता प्रत्येक बूटला दिवसाला १.४ सेकंद पुढे, कमीजास्त नाही. हे अजून काही राहिलंय का?

पण नवीनच झालंय. एस३ स्लीप (फक्त मेमरी चालू ठेवून मशीन झोपवणं) गेल्या महिन्यात कसंबसं चालू केलं होतं. आज झाकण मिटून उघडलं तर घड्याळ थांबलेलं! मागे नाही, पुढे नाही, नुसतं उभं. मिलीसेकंदसुद्धा हलत नाही.

पीपीएम_मोजणारा

१.४ म्हणजे १६ पीपीएम, तो तुझ्या मशीनचा क्रिस्टल. त्याला हात लावू नकोस, आता खुशाल एनटीपी पोर्ट कर, @शॉर्टकट_शोधक ला पण बरं वाटेल.

शॉर्टकट_शोधक

वाटलं. 😄 पण काल माझ्या बोर्डाचा डिव्हायझर तपासला, आता तोंड लपवून बसलोय.

बिनलॉकवाली

थांबलेल्या घड्याळाची गुन्हेगार मी आहे. एस३ मध्ये टीएससी शून्यावर जातो. उठल्यावर आत्ताचा इवलासा, साठवलेला मोठा, फरक उणे, आणि उणे आलं तर शून्य धर असं मीच सांगितलं. टीएससी परत जुन्या आकड्यापर्यंत चढेपर्यंत घड्याळ असंच उभं राहणार. उठल्या उठल्या, बाकीचे कोअर जागे व्हायच्या आत, साठवलेला टीएससी नव्याने वाचून ठेव. आणि झोपेत किती वेळ गेला ते टीएससीला माहीतच नाही, तो आरटीसी या बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाच्या चिपकडून घे, तेवढा ऑफसेटमध्ये मिळव.

अर्धाकच्चा_कर्नल

घड्याळ चालू झालं. आरटीसी वाचून ऑफसेट पण दिला. पंधरा-वीस वेळा झाकण उघडबंद केलं, बरोबर वेळ. मग एकदा बरोब्बर एक तास मागे. बाकी मिनिटं, सेकंद सगळं नीट, फक्त तास कमी.

जुनं_खोड

किती वाजता उघडलंस ते सांगतो, तासाच्या ठोक्यावर. तू तास वाचलास तेव्हा जुना होता, मिनिटं वाचेपर्यंत चिपने ५९ चे ०० केले. तुझा १८४२ वाला बगच आहे हा, आणि या चिपमध्ये सीक्वेन्स काउंटर नाही. रजिस्टर ए चा सातवा बिट बघ, तो लागलेला असेल तर अपडेट चालू आहे, थांब. उतरला की सगळं वाच, मग परत सगळं वाच, दोन्ही वाचनं जुळली तरच घे. आणि आकडे बीसीडीमध्ये (प्रत्येक अंक वेगळ्या चार बिटांत) येतात का तेही रजिस्टर बी मध्ये तपास, नाहीतर पुढच्या वेळी सोळा सेकंदांना बावीस म्हणशील.

अर्धाकच्चा_कर्नल

११ ला दोन सेकंद होते काका, लॉगमध्ये आहे. बीसीडी तपासतच नव्हतो, या मशीनवर चाललं म्हणून चाललं. आता टाकतो, आणि पुढचा तास भरायला सात मिनिटं आहेत तेवढ्यात बिल्ड होतंय का बघतो.